मौलूदच्या नावाचा क्लब

आपल्या घरांतली मुले आज इजिप्तच्या मोहम्मद सलाहच्या नावाचा शर्ट अंगात घालून फिरतात. मध्यरात्रीपर्यंत मोबाईलवर सामने बघतात आणि फज्रला उठत नाहीत म्हणून अम्मीची बोलणी खातात. त्यांना एकदा विचारून बघा, आफ्रिकेतल्या कोणत्या मोठ्या फुटबॉल क्लबचे नाव मौलूदवरून पडले आहे? सलाहचे सगळे गोल तोंडपाठ असलेली मुलेही बहुधा गप्प बसतील.

तो क्लब अल्जीरियाचा, राजधानी अल्जीअर्समधला. नाव मौलूदिया. आपण ज्याला मीलाद किंवा मौलूद म्हणतो, त्याच शब्दावरून आलेले. स्थापना १९२१ ची, रंग हिरवा आणि लाल. अल्जीअर्सचा जुना, दाट वस्तीचा भाग म्हणजे कसबा. अरुंद बोळ, एकमेकांना टेकलेली घरे. तिथल्या मुस्लिम तरुणांनी हा क्लब उभा केला. तेव्हा देशावर फ्रान्सची सत्ता येऊन नव्वद वर्षे झाली होती. मैदाने, क्लब, स्पर्धा यांवर युरोपीय लोकांचे वर्चस्व होते. स्वतःच्या देशात पाहुण्यासारखे राहण्याची वेळ आलेल्या या पोरांनी ठरवले, आपला स्वतःचा संघ काढायचा आणि त्याला असे नाव द्यायचे की कसब्यातल्या आजीलाही तो आपला वाटेल.

सरकारला हे फारसे रुचणारे नव्हते. मुस्लिम क्लबांनी संघात काही युरोपीय खेळाडू घेतलेच पाहिजेत, असा नियम पुढे आला. क्लबने तेही सोसले आणि खेळ चालू ठेवला. १९५६ साली मात्र स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना राष्ट्रीय मुक्ती आघाडीने हाक दिली आणि मुस्लिम क्लबांनी स्पर्धांतून माघार घेतली. मौलूदियाही थांबला. खेळाडूच्या आयुष्यात खेळण्याची वर्षे मोजकी असतात. त्यांतली उमेदीची वर्षे त्यांनी देशासाठी सोडून दिली. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि क्लब पुन्हा मैदानात उतरला.

१९७६ साली हाच मौलूदिया आफ्रिकेच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत अंतिम फेरीत पोहोचला. समोर गिनी देशाचा बलाढ्य हाफिया क्लब होता. पहिला सामना हाफियाच्या गावी झाला, तिथे मौलूदिया ०-३ असा हरला. घरी परतल्यावर दुसऱ्या सामन्यात त्याने ३-० अशी बरोबरी साधली आणि पेनल्टींवर चषक जिंकला. आफ्रिकेचा हा चषक अल्जीरियात आणणारा तो पहिला क्लब ठरला.

ही गोष्ट परक्या मुलखाची वाटत असेल, तर जरा आपल्याकडे वळू या. १९३० साली आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी कुर्बान हुसेन, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. त्याच दशकात, त्याच इंग्रजी अमलाखाली, कोलकात्यात आणि मुंबईत फुटबॉलच्या मैदानावर वेगळेच काही घडत होते.

कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग क्लब १८९१ चा. काळा-पांढरा त्याचा पोशाख. कोलकात्याच्या लीगमध्ये तोवर एकाही भारतीय संघाला विजेतेपद मिळाले नव्हते. मोहम्मडनने १९३४ मध्ये ते पटकावले आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे हातचे जाऊ दिले नाही. तेव्हा आपल्याकडचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. पाऊस पडून मैदान निसरडे झाले की बूट घातलेल्या गोऱ्या संघांचे फावायचे. मोहम्मडनने आपल्या खेळाडूंना बूट घालून खेळायची सवय लावली. खेळाडूही फक्त कोलकात्याचे घेतले नाहीत. क्वेट्टा आणि बेंगळुरूपर्यंत शोध घेतला.

मुंबईत १८९१ पासूनच रोव्हर्स चषकाची स्पर्धा होत असे आणि वर्षानुवर्षे तो चषक इंग्रजी पलटणीच घेऊन जात. १९३७ मध्ये बेंगळुरू मुस्लिम या संघाने तो जिंकला. रोव्हर्स जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. पुढच्या वर्षी त्यानेच पुन्हा बाजी मारली. १९४० मध्ये मोहम्मडनने याच बेंगळुरू मुस्लिमला अंतिम सामन्यात हरवून चषक नेला आणि त्याच वर्षी दिल्लीत इंग्रज पलटणीला नमवून ड्युरँड चषकही मिळवला.

अल्जीअर्स आणि कोलकाता, दोन्हीकडे सुरुवात एकाच भावनेतून झाली : आम्हालाही मैदानात जागा हवी. पण भावनेवर क्लब शंभर वर्षे चालत नाही. भावना एका हंगामात विरते. शंभर वर्षे टिकते ती व्यवस्था. वर्गणीची वही, सरावाची ठरलेली वेळ, धाकट्यांना शिकवणारे थोरले आणि हरल्यानंतरही दुसऱ्या दिवशी मैदानावर येणारी माणसे.

मोहम्मडनचा दरवाजाही काळाबरोबर रुंद होत गेला. १९८० च्या दशकात नायजेरियाचा चिमा ओकोरी काळ्या-पांढऱ्या पोशाखात खेळला आणि कोलकात्याने त्याला डोक्यावर घेतले. मध्ये पडतीचे दिवस आले, पण २०२३-२४ च्या हंगामात क्लबने आय-लीग जिंकून दाखवली.

आता आपल्या मोहल्ल्यांकडे पाहू. स्पर्धा जाहीर झाली की संघ तयार होतो. निवडणूक जवळ असली तर कुणीतरी टी-शर्ट वाटतो, पाठीवर त्याचेच नाव छापलेले असते. स्पर्धा संपली की संघही संपतो. राहतात ते फक्त टी-शर्ट, तेही पुढे फरशी पुसायला जातात. पोरांत गुण नाहीत असे कोण म्हणेल? त्यांना धरून ठेवणारी संस्था नाही, एवढेच.

आणि या गोष्टीचा संबंध फक्त खेळाशी नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी घराबाहेर पडतो तेव्हा आईच्या मनात दोनच प्रश्न असतात : कुठे गेला आणि कुणाबरोबर आहे? शाळा सुटलेली, काम मिळालेले नाही, हातात मोबाईल आणि चौकात वाट पाहणारी वाईट संगत, अशी मुले प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. अस्र ते मगरिब मैदानावर हजेरी घेणारा कुणी वडीलधारा असेल, तर आईच्या त्या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळते.

त्यासाठी मोठा पैसा लागत नाही. पाच जबाबदार माणसे, एक वही, दोन चेंडू आणि महिन्याला प्रत्येक घरातून झेपेल तेवढी वर्गणी. हिशेब सर्वांसमोर मांडायचा. शाळा सोडलेल्या मुलाला पुन्हा शाळेत घालण्याची जबाबदारी क्लबने घ्यायची. मुलींसाठीही वेगळी वेळ ठेवायची, शिकवायला बाई शोधायची. आणि दार उघडे ठेवायचे. आपल्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते. चारही भाषांची पोरे एका संघात आली, तर चेंडू कुणाकडे द्यायचा हे त्यांना बरोबर कळेल.

कसब्यातल्या त्या पोरांकडे १९२१ साली ना सत्ता होती, ना पैसा. नाव होते आणि ते नाव टिकवण्याची जिद्द होती. आपल्या मोहल्ल्यातल्या संघाचे नाव पुढच्या वर्षीही तेच राहील, एवढे जरी या वर्षी आपण केले, तरी सुरुवात झाली म्हणायची.