बुडवलेले भाडे

मराठीच्या वर्गात समुद्र आला की आमची भाषा एकाएकी जड होते. शेत, चाळ, गिरणी यांच्याविषयी बोलताना आम्ही मालकी, मजुरी, कर्ज यांच्याविषयी बोलतो. समुद्राविषयी बोलताना मात्र ‘अथांगता’, ‘अनंताची ओढ’, ‘नियतीचे विराट रूप’ अशी ठेवणीतली नामे बाहेर काढतो. शेतावरच्या कादंबरीत सावकार शोधणारा समीक्षक समुद्रावरच्या कादंबरीत थेट ईश्वर शोधू लागतो. ही सवय निरुपद्रवी नाही. तिच्यापायी एक चांगले पुस्तक आपण अर्धेच वाचतो आणि त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक उघडतही नाही.

अर्धे वाचलेले पुस्तक म्हणजे हेमिंग्वेचे ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (१९५२). पु. ल. देशपांडे यांनी ते ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणले. शाळेच्या कवितेतल्या, पुनःपुन्हा जाळे विणणाऱ्या कोळ्याची आठवण करून देणारे हे शीर्षक चतुर आहे खरे. पण त्याने आमच्या वाचनाला एक वळणही लावले. चिकाटी, जिद्द, पराभवातला विजय! उत्तरपत्रिका याच तीन शब्दांभोवती फिरतात, आणि त्या तपासणारे आम्हीही याच तीन शब्दांना गुण देतो.

आता पुस्तकात काय आहे ते पाहा. म्हाताऱ्या सान्तियागोच्या शिडाला पिठाच्या गोण्यांची ठिगळे आहेत. महाकाय मार्लिन जिंकल्यावर त्याच्या मनात प्रथम जे विचार येतात त्यांत एक हिशेब आहे : मासा पंधराशे पौंडांहून अधिक भरेल, साफ केल्यावर त्याचा दोन तृतीयांश भाग उरेल, पौंडाला तीस सेंट भाव धरला तर किती होतील? या गणिताला पेन्सिल लागेल, असे तो स्वतःशीच म्हणतो. आमच्या टिपणांत ही पेन्सिल कधी आलेली नाही. आणि शेवटी किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात बसलेले पर्यटक येतात. तो लांब पांढरा सांगाडा त्यांना शार्कचा वाटतो, आणि शार्कची शेपटी इतकी सुंदर असते याचे बाईंना नवल वाटते. हे दृश्य आम्ही ‘उपरोध’ या एका शब्दात निकालात काढतो. वास्तविक तिथेच पुस्तकाचा प्रश्न उभा आहे. समुद्रावर पोट असलेला माणूस आणि समुद्रावर एखादा दिवस घालवायला आलेला माणूस यांना एकच वस्तू एकच दिसत नाही.

या दोघांमधला व्यवहार हेमिंग्वेने पंधरा वर्षे आधी उघडपणे मांडला होता. ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ (१९३७) या कादंबरीच्या आरंभीच्या भागातच दिवसाचे भाडे येते. हॅरी मॉर्गन हा फ्लोरिडातील की वेस्टचा बोटवाला. हवानाच्या धक्क्यावरून तो जॉन्सन नावाच्या श्रीमंत अमेरिकनाला गल्फ स्ट्रीमच्या पाण्यात माशांच्या शिकारीला नेतो. भाडे दिवसाला पस्तीस डॉलर. जॉन्सनला शिकार येत नाही आणि ऐकूनही घ्यायचे नाही. खांद्यांना रुततात म्हणून तो पट्टे सोडतो. मासा ओढ घेतो. काठी, रीळ, दोर सारे समुद्रात जाते. ते हॅरीचे होते. हिशेब आठशे डॉलरच्या वर जातो. सकाळी बँकेतून पैसे आणून देतो असे सांगून जॉन्सन विमानाने निघून जातो.

या एका बुडवलेल्या भाड्यातून पुढची कादंबरी निघते. हातात पैसा नाही, घरी बायको आणि मुली, म्हणून हॅरी चिनी स्थलांतरितांना चोरून नेण्याचा सौदा पत्करतो आणि त्यात खून करतो. पुढे चोरटी दारू वाहताना त्याचा हात जातो, बोट जप्त होते. अखेरीस तो स्वतःच दुसऱ्याची बोट भाड्याने घेऊन बँक लुटणाऱ्या क्यूबन क्रांतिकारकांना न्यायला निघतो आणि गोळी खातो. मरणाच्या दारातल्या हॅरीला घेऊन ती बोट बंदरात येते तेव्हा धक्क्याला श्रीमंतांच्या यॉट ओळीने उभ्या असतात. कर चुकवल्याच्या चौकशीने झोप उडालेला धान्याचा दलाल त्यांतल्याच एकीवर आहे. या कथेत नियती आहे, पण ती आकाशातून उतरलेली नाही. ती न फेडलेल्या बिलातून आली आहे.

ज्या गावात हे घडते त्याचा इतिहासही हेच सांगतो. की वेस्ट कर्कवृत्ताच्या जरासे उत्तरेला, क्यूबापासून सुमारे नव्वद मैलांवर. चिरूट आणि स्पंज यांचे धंदे बसल्यावर १९३४ मध्ये हे गाव दिवाळखोरीला आले, आणि केंद्र सरकारच्या मदतयंत्रणेने ते पर्यटनस्थळ म्हणून सजवायला घेतले. म्हणजे समुद्र दिवसाच्या भावाने विकणे ही एका मोडलेल्या गावाची उपजीविका म्हणून ठरवलेली गोष्ट होती. हेमिंग्वे या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभा राहिलेला माणूस. आधी तो की वेस्टच्या जो रसेल या गुत्तेवाल्याची ‘अनिता’ भाड्याने घेऊन मार्लिनमागे जात असे. १९३४ मध्ये मासिकाकडून आगाऊ रक्कम उचलून त्याने स्वतःची ‘पिलार’ घेतली. १९३५ च्या सप्टेंबरातल्या चक्रीवादळात कीजमध्ये रस्त्याच्या कामावर ठेवलेले शेकडो माजी सैनिक मेले, तेव्हा त्याने ‘न्यू मासेस’मध्ये लेख लिहून विचारले की वादळाच्या महिन्यांत यॉटवाले धनिक इकडे फिरकत नाहीत, मग या माणसांना इथे कोणी ठेवले? समुद्राचा ‘हंगाम’ कोणासाठी असतो, हे त्याला ठाऊक होते.

परंतु हेमिंग्वेला वकीलपत्र देऊन थांबणे हाही आळसच ठरेल. हॅरीच्या बोटीवर जॉन्सन आणि हॅरी यांच्याखेरीज आणखी माणसे आहेत. गळाला आमिष लावणारा कृष्णवर्णीय खलाशी त्यांतला एक. जॉन्सनला तो अनावश्यक खर्च वाटतो, आणि निवेदक हॅरी त्याला नाव देत नाही, वर्णवाचक शिवी देतो. टोनी मॉरिसन यांनी ‘प्लेइंग इन द डार्क’ (१९९२) मध्ये इथे नेमके बोट ठेवले आहे. सुकाणूवर असलेल्या या माणसाला उडणारे मासे प्रथम दिसतात. त्याने ओरडून सांगावे एवढेच स्वाभाविक आहे. पण त्याला बोलू द्यायचे नसल्याने, त्याने पाहिले आहे हे हॅरीला दिसले, अशी ओढूनताणून केलेली वाक्यरचना लेखकाला करावी लागते. भाडे बुडाले म्हणून संतापणारी कादंबरी स्वतःच एका माणसाची वाचा बुडवते! आणि हे कळते कशावरून? समाजशास्त्राच्या तक्त्यावरून नव्हे, एका वाक्याच्या अवघडलेल्या रचनेवरून.

म्हणूनच नेहमीचा आक्षेप मला मान्य नाही. भाडे, इंधन, मजुरी यांचा हिशेब म्हणजे साहित्यबाह्य गोष्ट, कलाकृती स्वायत्त असते, असे आमच्यातले सौंदर्यवादी म्हणतील. त्यांना विचारावेसे वाटते की, हॅरीचे आखूड, कोरडे, मोजून टाकलेले वाक्य हिशेबावाचून कसे समजावून सांगाल? पहिल्या भागात हॅरी स्वतः बोलतो. पुढे निवेदन त्याच्या हातून निसटते, अनेकांच्या तोंडी जाते. बोट, हात आणि कथा या तिन्हींवरचा त्याचा ताबा क्रमाने सुटतो. हे रूपच आहे, आणि ते व्यवहारातून घडले आहे. कादंबरी विस्कळीत आहे, आधी छापलेल्या दोन कथांना जोडून वाढवली आहे, हेही खरे. पण सुबक कलाकृतीच तेवढ्या अभ्यासाव्यात हा नियम आम्ही एरवी कुठे पाळतो?

फ्लोरिडा कीजमध्ये आज कप्तानाशिवायही बोट दिवसभराच्या भाड्याने मिळते. १ जानेवारी १९८८ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना दहा किंवा त्याहून अधिक अश्वशक्तीच्या इंजिनाची बोट हाकायला तिथे सुरक्षा-शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र मिळते, पाणी वाचता येतेच असे नाही. तिथले जाणकार पाण्याच्या रंगावरून खोली ओळखतात : निळे ते खोल, हिरवे ते उथळ, पांढरट ते वाळूचे, तपकिरी ते सागरी गवताचे किंवा प्रवाळाचे. दिवसाचा पाहुणा सगळेच ‘निळेशार’ म्हणून बोट हाकतो, उथळावर रुततो, आणि निघण्यासाठी इंजिनाला जोर देतो. पंख्याने गवत मुळांसकट कापले जाते. ते चरे विमानातून दिसतात आणि भरून यायला वर्षे लागतात. पाहुणा संध्याकाळी बोट परत करून जातो.

समुद्राला ‘अथांग’ म्हणून मोकळा होणारा समीक्षक याहून वेगळे काय करतो? त्यालाही सारे पाणी एकाच रंगाचे दिसते. तोही एका तासिकेपुरता समुद्र भाड्याने घेतो, दुसऱ्याची साधने हरवतो आणि बिल न चुकवता निघून जातो.

याची किंमत आमचे विद्यार्थी मोजतात. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत कोळ्यांच्या, गाबितांच्या घरची मुले मराठी घेऊन बसतात. नाखवा, तांडेल, खलाशी हे शब्द त्यांना पाठ करावे लागत नाहीत. बोट कोणाची, सुकाणू कोणाच्या हाती, अंगमेहनत कोणाची, याची सारी उतरंड या तीन शब्दांत आहे. हा समीक्षेचा परिभाषाकोशच त्यांच्या घरात आहे. वर्गात आल्यावर मात्र आम्ही त्यांना ‘अनंताचे प्रतीक’ लिहायला शिकवतो. घरी सुट्टीत पर्यटकांना फेरी मारून आणणारा मुलगा सान्तियागोच्या पेन्सिलीवर आमच्याहून चांगले लिहू शकेल. तसे लिहिले तर त्याचे गुण कापले जातील, हेही त्याला कळलेले असते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रतीके खुशाल शिकवावीत. मार्लिन म्हणजे केवळ पौंडाचा भाव नव्हे, हे मलाही कळते. पण समुद्रावरची कोणतीही कृती शिकवताना तीन प्रश्न आधी विचारावेत. बोट कोणाची आहे? आजच्या दिवसाचे पैसे कोणी कोणाला द्यायचे आहेत? आणि बोटीवर असूनही बोलत नाही असा माणूस कोणता? उत्तरे मिळाल्यावर अथांगतेकडे वळायला हरकत नाही. तिथवर जाण्याचे भाडे तेव्हा चुकते झालेले असेल.