बुऱ्हाणपूरचा मुहद्दिस आणि आमचे वाङ्मयेतिहास

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण सारे ठरल्याप्रमाणे एकनाथांच्या ज्ञानेश्वरी-शुद्धीकरणापाशी, म्हणजे 1584 पाशी येतो. त्यांच्या आधीच्या पिढीत, मोताळ्याच्या उत्तरेस तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात जन्मलेल्या शेख अली मुत्तकींचे (सु. 1480–1567) नाव मात्र निघत नाही. ‘ते अरबीत लिहीत, मराठीशी संबंध काय?’ हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. तो आळसाचा आहे. काश्मिरी पंडितांचे संस्कृत काव्यशास्त्र आपल्या अभ्यासक्रमात मानाने बसते, तेव्हा भाषा आणि अंतर आड येत नाही.

मुत्तकी मुलतानला शिकले, गुजरातेत राहिले आणि अखेर मक्केत स्थिरावले. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींचे कथन. सुयूतीने जमविलेला हा अफाट संभार बराचसा वर्णानुक्रमे लावलेला होता. एखाद्या विषयावरचे सारे कथन हवे असेल, तर त्यात हात घालणे कठीण. मुत्तकींनी त्याची विषयवार पुनर्रचना केली. ‘कन्झुल उम्माल’ या त्यांच्या ग्रंथात 46 हजारांहून अधिक नोंदी आहेत आणि कोणते कथन कोणत्या संग्रहातले, हे संक्षेपचिन्हांनी दाखविले आहे. पाठभेदांच्या तळटिपा लावताना ज्यांचे डोळे शिणले, त्यांना या कामाची किंमत निराळी सांगायला नको.

याचा अर्थ मुत्तकींची आरती ओवाळावी असा नाही. जौनपूरच्या सय्यद मुहम्मदांना महदी मानणाऱ्यांविरुद्ध त्यांनी ग्रंथ लिहिला, मक्केतील चारही फिक्ह-संप्रदायांच्या मुफ्तींचे फतवे मिळविले. चरित्रकार हा भाग ‘धर्मरक्षण’ म्हणून उरकतात. आम्हाला तो तपासावासा वाटतो. कथनाची साखळी इतक्या साक्षेपाने जपणारा विद्वान प्रतिपक्षाचे म्हणणे किती प्रामाणिकपणे मांडतो, हा प्रश्न पाठचिकित्सेचाच आहे.

शिवाय तो प्रतिपक्ष आपल्या दारातला आहे. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडची मशीद 1582 ची. बांधणारा खुदावंदखान महदवी. त्याच रोहिणखेडला 1591 मध्ये अहमदनगरचा महदवी सरदार जमालखान पडला. लढाई निजामशाही तख्तासाठी होती, आणि विजयी पक्षाच्या बाजूने बुऱ्हाणपूरचा राजा अलीखान फारुकी उभा होता. आपल्या शैक्षणिक सहली मात्र लोणारला जातात.