अकरा मीटरवरचा माणूस

पेनल्टी हुकली की चाहत्याचा निकाल तयारच असतो: एवढंही जमत नाही काय बाप्पा! वरवर पाहता त्याची तक्रार खोटी वाटत नाही. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, चेंडू ११ मीटरवर स्थिर ठेवलेला, अडवायला एकटा कीपर, आणि मारणारा या कामाचे कोट्यवधी रुपये घेणारा. वऱ्हाडातल्या अकोटच्या चाहत्याला व्यावसायिक फुटबॉल मैदानात बसून पाहायचं तर मुंबई किंवा मडगावची गाडी धरावी लागते. त्यामुळे त्याचं फुटबॉल बहुतेक मोबाइलच्या पडद्यावरच घडतं. तिथे तीच किक चार बाजूंनी, संथ गतीने, पुन्हापुन्हा दाखवतात आणि प्रत्येक वेळी गोल आणखी मोठा दिसू लागतो. चाहत्याने अपेक्षाच ठेवू नये असं मी म्हणणार नाही, कारण अपेक्षा नसेल तर रात्री दीड वाजता जागायचं कशाला? मात्र किक मारणाऱ्याकडून आपण जे मागतो ते देणं त्याच्या हातात नसतं, आणि जे त्याच्या हातात असतं ते आपण मागतच नाही.

आधी साधा हिशेब पाहू. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये साधारण चारपैकी तीन पेनल्ट्या गोलात जातात. चांगल्या मोसमात हा आकडा थोडा वर सरकतो, विश्वचषकाच्या शूटआउटमध्ये थोडा खाली येतो. चारात तीन हे प्रमाण धरलं तर एका संघाच्या पाचही जणांनी गोल करण्याची शक्यता २४ टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे पाच किका झाल्या तर बहुतेक वेळा त्या संघातला निदान एक जण चुकणार, हे नाणेफेकीआधीच ठरलेलं असतं. कोण चुकणार तेवढंच ठरायचं असतं. तरीही तो चुकला की आपण कुणीतरी विश्वासघात केल्यासारखे दचकतो. कीपरचं गणित नेमकं उलटं आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू ११ मीटर अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो, तेवढ्यात बघून, ठरवून, झेपावून कोपरा गाठणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून कीपर अंदाजाने उडी घेतो. अंदाज चुकला तर त्याला कुणी बोल लावत नाही, बरोबर आला तर तो त्या रात्रीचा राजा. मारणाऱ्याला गोल केल्याबद्दल शाबासकी नाही, कारण ते त्याचं कामच, आणि हुकल्यावर मात्र आयुष्यभराचा शिक्का.

उदाहरणार्थ, २० मार्च २०२२ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना झाला, हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. राहुल के. पी.ने ६८व्या मिनिटाला केरळला आघाडी दिली, गोव्याच्या साहिल ताव्होराने ८८व्या मिनिटाला ती फेडली, आणि १-१ वरून सामना शूटआउटमध्ये गेला. हैदराबादच्या गोलात गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमनी उभा होता. त्याने मार्को लेस्कोव्हिचची किक अडवली. मग निशू कुमारची अडवली, पण त्याचा पाय रेषेच्या पुढे गेल्यामुळे पंचांनी ती पुन्हा मारायला लावली, आणि कट्टीमनीने ती पुन्हा अडवली. शेवटी जीक्सन सिंगचीही. हैदराबाद ३-१ ने जिंकलं. आता हे तिघे कोण होते ते पाहा. लेस्कोव्हिच हा बचावफळीचा मधला खांब, निशू बगलेचा बचावपटू, जीक्सन मधल्या फळीत चेंडू हिसकावणारा वीस वर्षांचा पोरगा. पेनल्टी हे यातल्या कुणाचंच रोजचं काम नव्हतं. जीक्सन तर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध भारताचा पहिलावहिला गोल करणारा खेळाडू. आणि नियमित वेळेतली शेवटची दोनच मिनिटं केरळने आघाडी टिकवली असती तर या तिघांना त्या ठिपक्यापर्यंत जावंच लागलं नसतं. ८८व्या मिनिटाला मैदानावर अकरा जण होते, पराभवाचा जाब मात्र तिघांना.

इथे हमखास आक्षेप येतो तो पैशाचा. ते व्यावसायिक आहेत, दुसरं काम काय त्यांना? पैशाने सराव विकत घेता येतो, खात्री नाही. याचा चांगला पुरावा अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडतो. त्या खेळात किक मारणारा खास वेगळा माणूस असतो, तो ना धावतो ना कुणाला पाडतो, आठवडाभर फक्त लाथ मारायचा सराव करतो. तरीही फील्ड गोलच्या दर सात प्रयत्नांत साधारण एक वाया जातो. जवळून मारायचा जादा गुण मात्र पूर्वी ९९ टक्क्यांहून अधिक वेळा मिळायचा. २०१५ मध्ये तिथल्या लीगने ती किक मागे सरकवून ३३ यार्डांवर नेली, तसं यश ९४-९५ टक्क्यांवर आलं. माणसं तीच, पगार तेच, फक्त अंतर वाढलं. त्याच देशात जानेवारी १९९१ च्या सुपर बोल या अंतिम सामन्यात बफेलो संघाच्या स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची किक शेवटच्या सेकंदांत उजवीकडून बाहेर गेली आणि बफेलो १९-२० असं एका गुणाने हरलं. दुसऱ्या दिवशी संघ गावी परतला तेव्हा चौकात जमलेले हजारो लोक नॉरवूडच्याच नावाचा घोष करत होते. त्या लोकांची अपेक्षा कमी होती असं कुणी म्हणणार नाही, पण ४७ यार्ड म्हणजे काय हे त्यांना कळत होतं.

आपल्याकडेही ही समज आहे, फक्त ती दुसऱ्या खेळात आहे. वऱ्हाडातल्या कबड्डीच्या मैदानावर ‘करो या मरो’च्या चढाईत पोरगा पकडला गेला तर कडेला उभे असलेले लोक हळहळतात, पण त्याला शिव्या देत नाहीत. समोरच्या कव्हरने साखळी कशी लावली, याने बोनसच्या नादात पाय किती आत टाकला, यावर बोलतात. त्यातल्या निम्म्यांनी तरी कधी ना कधी ती चढाई स्वतः केलेली असते. पेनल्टी मात्र आपण फक्त बघितलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चाहते रागावलेच नाहीत तर दर्जा घसरेल, खेळाडू बेफिकीर होतील. रागाचं काय होतं हे ११ जुलै २०२१ च्या रात्री वेम्बलीवर दिसलं. युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड इटलीकडून शूटआउटमध्ये हरलं. रॅशफर्डचा चेंडू खांबावर लागला, सँचो आणि १९ वर्षांच्या साकाची किक डोनारुमाने अडवली, आणि त्या तिघांवर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. याच शूटआउटमध्ये इटलीच्या जोर्जिन्योकडे गोल करून थेट चषक जिंकण्याची संधी होती. त्याचीही किक अडवली गेली. पण संघ जिंकला, त्यामुळे ती आज कुणाला आठवतही नाही. म्हणजे आपला राग किकेच्या दर्जावर नसतो, निकालावर असतो, आणि निकालावरच्या रागाने दर्जा सुधारत नाही. रॅशफर्ड आणि सँचोला प्रशिक्षक साउथगेटने अगदी अखेरच्या क्षणी, १२०व्या मिनिटाला, खास पेनल्टीसाठी आत पाठवलं होतं. धड घाम न आलेल्या पोरांना थेट ठिपक्यावर उभं करायचं की नाही, पाचवी किक कुणाला द्यायची, हे निर्णय मैदानाबाहेर झाले. साउथगेटने ती जबाबदारी उघडपणे स्वतःकडे घेतली, हा त्याचा मोठेपणा. १९९६ मध्ये जर्मनीविरुद्ध तो स्वतः हुकला होता, त्यामुळे त्याला ते कळतही असणार.

मग मागायचं काय? नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट यांनी शूटआउटचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. गोल केला की सामना जिंकला अशा किकेवर खेळाडू ९० टक्क्यांहून अधिक वेळा यशस्वी होतात, आणि चुकलो तर हरलो अशा किकेवर तेच प्रमाण ६० च्या आसपास उतरतं, असं त्यांना आढळलं. चेंडू तोच, अंतर तेच. पंचांची शिट्टी वाजताच घाई करणारे खेळाडू जास्त चुकतात, असंही ते दाखवतात. तेव्हा चाहत्याने हक्काने मागावं ते हे: श्वास घ्यायला थांब, कोपरा आधी ठरव, आणि ठरवलेला कोपरा धावता धावता बदलू नकोस. या गोष्टी सरावाने येतात, त्या आल्या नसतील तर क्लबला आणि प्रशिक्षकाला जाब विचारावा.

‘कीपरने अडवली तर ठीक, पण गोलावरून उडवली तर माफी नाही’ असंही पुष्कळ जण म्हणतात. २०२३ च्या आयएसएल अंतिम सामन्यात, पुन्हा फातोर्ड्यावरच, बेंगळुरूच्या ब्रूनो रामिरेसची किक विशाल कैथने अडवली आणि पाब्लो पेरेझची वरून गेली, मोहन बागान ४-३ ने जिंकलं. शिव्या पेरेझच्याच वाट्याला जास्त याव्यात, असा आपला रिवाज. पण आडव्या खांबाखालच्या कोपऱ्यात मारलेला चेंडू सहसा कुठल्याच कीपरच्या हाती लागत नाही. तिथे मारणारा अडवलं जाण्याचा धोका टाळून बाहेर जाण्याचा धोका पत्करतो. तो सौदा वाईट नाही, कधीकधी फसतो.

पानेंकाचंही तेच. १९७६ मध्ये बेलग्रेडला अंतोनिन पानेंकाने पश्चिम जर्मनीविरुद्ध चेंडू मधोमध अलगद उचलून युरो चषक जिंकून दिला, तेव्हापासून ती किक हुकली की लोक ‘शायनिंग’ म्हणून ओरडतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात २८६ किका तपासल्या, तर कीपर जागेवर उभा राहिल्याचं प्रमाण जेमतेम ६ टक्के निघालं. म्हणजे मधे मारण्यात अक्कल आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये फुलहॅमच्या लुकमनने वेस्ट हॅमविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी बरोबरीची पेनल्टी अशीच मारली, पण इतकी ढिली, की एका बाजूला झुकलेल्या कीपर फाबियान्स्कीला परत उठून चेंडू कवेत घ्यायला सवड मिळाली. निवड चुकली नव्हती, लाथ चुकली होती. अशा किकेला अकोटच्या कट्ट्यावर जे काही बोललं जाईल, त्यात भर घालायला माझी काही हरकत नाही.