सजावटकाराची नोंद कोणत्या वहीत?



उधारीवर माल देण्यापूर्वी समोरच्या पेढीची पत पाहावी, हे आपल्या घरांत मुलाला गादीवर बसवतानाच शिकवले जाते. मात्र घर वा दुकान सजवायला काढले की ही सावधगिरी आपण विसरतो. लाखो रुपये, भिंती, विजेच्या तारा आणि घरच्या माणसांचा जीव ज्याच्या हाती सोपवतो, त्या इंटिरियर डिझायनरची नोंद कोणत्या वहीत आहे, हे आपण विचारीत नाही. विचारले तरी उपयोग नाही. कारण कायद्याने ठेवलेली अशी वही आपल्या देशात नाहीच.

सनदी लेखापालांसाठी 1949 चा, वकिलांसाठी 1961 चा, वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे. त्याच 1972 साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स’ ही संस्था स्थापन झाली. परंतु तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. डिझायनरकडे जीएसटी क्रमांक असतो, शॉप ॲक्टचा दाखला असतो. ते धंदा चालू असल्याचे पुरावे. विद्या असल्याचे नव्हेत.

पूर्वी हट्टा, वसमत परिसरात ही उणीव जाणवत नसे. सुतार आणि गवंडी ओळखीचे असत आणि पिढ्यान्‌पिढ्यांची साख हीच त्यांची नोंदणी असे. आता गावातल्या कापड दुकानालाही खोटे छत, त्यात दडलेल्या तारा, काचेचे दर्शनी भाग आणि वातानुकूलन हवे असते. हे काम नजरेने जोखता येत नाही. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईच्या कमला मिल्स आवारातील उपाहारगृहांच्या आगीत 14 जणांचे प्राण गेले. आतील साहित्य कोणते वापरावे आणि बाहेर पडण्याच्या वाटा कशा मोकळ्या ठेवाव्यात, हा शोभेचा नव्हे तर जीवरक्षणाचा प्रश्न आहे. ज्या धर्मात पाऊल टाकतानाही जयणा सांगितली आहे, त्याच्या अनुयायांना हे वेगळे समजावून सांगणे नको.

दुसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा. प्लायवुड, टाइल्स, दिवे यांच्या खरेदीवर अनेक डिझायनर दुकानदाराकडून कमिशन घेतात आणि ग्राहकाला ते सांगत नाहीत. येथे थोडे अंतर्मुख व्हावे लागेल. कारण असे कमिशन देणाऱ्यांत आपलीही दुकाने आहेत. वास्तुविशारदांच्या 1989 च्या वर्तन नियमांत काम मिळवण्यासाठी कमिशन देण्याघेण्यास मनाई आहे. डिझायनरांसाठी तसा नियम नाही. नियम मोडल्यास जाब विचारणारी परिषदही नाही. अचौर्य व्रत मात्र देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच लागू आहे.

नोंदणीने गरीब कारागिराचा रोजगार जाईल, अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे. पण तिला उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले की वास्तुविशारद कायदा ‘आर्किटेक्ट’ या पदनामाला संरक्षण देतो, इतरांना आराखडे करण्यास बंदी करीत नाही. याच धर्तीवर ‘नोंदणीकृत इंटिरियर डिझायनर’ हे पदनाम राखीव असावे. पदवी नसलेल्या अनुभवी व्यक्तींना परीक्षेद्वारे प्रवेश मिळावा. कमिशन उघड करणे बंधनकारक असावे आणि तक्रारीची सुनावणी ठराविक मुदतीत व्हावी. सुताराची करवत कोणी हिरावून घेणार नाही.

आज आपल्या समाजातील मुली-मुले हौसेने हे शिक्षण घेत आहेत. चार-पाच वर्षे अभ्यास केलेली कन्या आणि मोबाइलवरची चित्रे दाखवून काम मिळवणारा इसम यांत कायद्याच्या लेखी काहीच फरक नसावा, हा तिच्यावर अन्यायच आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घर असो, दुकान असो वा स्थानक-मंदिराचे सभागृह, काही पथ्ये पाळता येतील. लेखी करार करावा. रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी. वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. खांब वा तुळईला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घ्यावे. कमिशनचा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावा. आणि आपण विक्रेते असू, तर गुप्त कमिशन देणे आजच बंद करावे. वही सरकारने उघडायची आहे. तिच्यातली पहिली चोख नोंद आपल्या दुकानातून व्हावी.