वेगाला वेसण

रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यावर सध्या यच्चयावत् वाहनचालकांचा रोष आहे. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी राज्यात संप पुकारला, तेव्हा त्यांच्या गाऱ्हाण्यांत ई-चलनाचे गाऱ्हाणे अग्रभागी होते. तिजोरी भरण्यासाठीच सरकारने हे डोळे बसविले आहेत, असा आक्षेप सर्रास ऐकू येतो. त्यात मुळीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तेवढ्यासाठी कॅमेरेच काढून टाका म्हणणे हे ढेकणांच्या उपद्रवाला कंटाळून घर जाळण्यासारखे आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती मांडलेले आहेत. 'अतिवेग' हा शब्द लिहिणे पोलिसांना सोयीचे असते व खड्डे, अंधार, चुकीची आखणी हे सारे त्याखाली खपून जाते, हे आम्ही जाणून आहो. तरीही वेगाचे गणित कोणास चुकत नाही. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गाडी हाकली की आघाताची शक्ती पावणेदोन पटींहून अधिक होते. विविध देशांतील ३५ अभ्यासांचा एकत्र परामर्श २०१० साली घेण्यात आला. कॅमेऱ्यांच्या परिसरातील प्राणघातक व गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. या अभ्यासांचा कस सारखा नव्हता, परंतु कौल एकाच बाजूचा होता. (गंमत अशी की, १९५३ ची माँटे कार्लो शर्यत जिंकणारे हॉलंडचे मॉरिस गात्सोनिडेस यांनी आपले वेगमापक यंत्र स्वतःचा वेग वाढविण्यासाठीच प्रथम सिद्ध केले होते!)

मात्र कॅमेरा कोठे व कसा लावावा, यातच सारी मेख आहे. पुण्यातील नवले पुलाचेच पाहा. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका अवजड वाहनामुळे ४८ वाहनांची मोडतोड झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच ठिकाणी आठ जीव गेले. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत दीर्घ उतार आहे. डिझेल वाचविण्यासाठी चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, ब्रेक तापतात, आणि पुलाशी पोहोचेपर्यंत गाडी हाताबाहेर गेलेली असते. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकला पायथ्याचा कॅमेरा काय करणार? तो फक्त अपघाताचे चित्र टिपील! शिवाय, कॅमेरा दिसला की हळू व्हायचे आणि तो मागे पडला की पुन्हा उधळायचे, ही युक्ती कोणत्या चालकास ठाऊक नाही? यावर तोड एकच. उताराच्या माथ्यावर एक व पायथ्याशी एक असे दोन कॅमेरे लावून मधल्या अंतराला लागलेल्या वेळावरून सरासरी वेग काढावा, म्हणजे वेसण संपूर्ण उतारभर घट्ट राहते.

कायदाही याबाबत मुका नाही. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे अशी यंत्रे अपघातप्रवण मार्गांवर आधी बसवावयाची आहेत, पुढे देखरेख आहे असा फलक ठळकपणे लावावयाचा आहे, यंत्र प्रमाणित असले पाहिजे आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत मालकास धाडली पाहिजे. झुडुपाआड गाडी उभी करून सावज टिपण्याची रीत या नियमांच्या हेतूशी विसंगत आहे. दुसरीकडे, चलन न भरता लोकअदालतीची वाट पाहिली की सूट मिळते, हा समज वाहनधारकांत इतका दृढ झाला आहे की चलनाचा धाकच उरलेला नाही. चुकीचे चलन रद्द करण्याची वाट सुलभ करावी, आणि योग्य चलनाला सूट देणे साफ बंद करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गृहखात्याकडे आमची एक मागणी आहे. प्रत्येक कॅमेऱ्याच्या ठिकाणी तो बसविण्यापूर्वीच्या तीन वर्षांत किती माणसे दगावली व नंतरच्या तीन वर्षांत किती, याचे आकडे दरवर्षी वृत्तपत्रांतून जाहीर करावेत. आणि त्याच तक्त्यात, शेजारच्या रकान्यात, तेथे गोळा झालेला दंडही छापावा.