खिडकीमागची माणसं

घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरची जाहिरात पानभर येते. जवळच बाळकुमला 2014पासून मुंबई विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर आहे आणि त्याच वर्षी कासारवडवलीला ए. पी. शाह अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. तिथे रोज काय घडतं, हे मात्र शेजारच्या सोसायटीतही ठाऊक नसतं.

म्हणून या अंकापासून दोन पानं महाविद्यालयांतल्या घडामोडींसाठी राखून ठेवत आहोत. नेमणुका, बढत्या, निवृत्ती, कुणाला मिळालेली पीएच.डी., असं सगळं. प्राचार्यांच्या बातम्या कुठेही छापून येतात. आम्हाला हवे आहेत ते ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा सहायक आणि प्रवेशाच्या खिडकीमागे बसणारे लिपिक. ‘दाखल्यावर जन्मतारीख वेगळी दिसतेय, आधी ती दुरुस्त करून घे बाळा,’ असं वेळेत सांगणारा लिपिक एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती वाचवतो. फेब्रुवारी 2023मध्ये राज्यभरातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला आणि परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. हे लोक किती भार ओढतात, ते तेव्हा सगळ्यांना कळलं. संप मिटला आणि पुन्हा विसर पडला.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनीही जरूर लिहावं. वर्षानुवर्षं तेच वर्ग घेऊनही त्यांना कायम नेमणूक मिळत नाही, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. आमच्या पानांवर त्यांना बरोबरीचं स्थान असेल.

बातमी चार ओळींत, फोटोसह, दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत पाठवा. निवृत्तीची असेल, तर रुजू झाल्याचं वर्ष आणि विभाग आवर्जून कळवा.