अर्धा दिवस

१९९१ साली मी नववीत होते. दादाकडे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाची कॅसेट होती. मूळ ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार! काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस त्यात रागांमधून उभा केलाय. शब्द मात्र एकही नाही. मला तेव्हा ते भयंकर कंटाळवाणं वाटे.

एकदा रेडिओवरची गाणी टेप करायला कोरी कॅसेट मिळेना. मग काय! दादाच्या कॅसेटच्या कडेची खाच सेलोटेपने बुजवली (तसं केलं की भरलेल्या कॅसेटवरही रेकॉर्डिंग होतं) आणि ‘बी’ बाजूवर खुशाल गाणी भरली.

दादा ओरडला नाही. नुसता म्हणाला, ‘‘अगं, त्याची संध्याकाळ व्हायची होती अजून.’’

ते काही डोक्यातून जाईना. म्हणून ‘ए’ बाजू लावली. पहाटेचा अहिरभैरव. संतूरच्या तारांवर लाकडी कलमं अशी पडत होती, की पागोळ्याच गळतायत! मग नटभैरव, पिलू आणि... खट्! टेप संपली. पुढचे भूप, देस, पहाडी मीच पुसले होते. तो अर्धा दिवस ऐकून ऐकून पाठ झाला. पुढे सतार, सरोद, जे मिळेल ते ऐकत गेले. शब्दांवाचून अडत नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

पहिल्या पगारात नवी कॅसेट आणून दादाच्या हातात ठेवली. त्याने आधी ‘बी’ बाजूच लावली.